काटे

आई पेडव्यातले काटे वेचून द्यायची.
केसांसारखे काटे. कंदिलाच्या उजेडात
दिसायचे नाहीत, बोटांच्या पेरांना कळायचे.
मग तो मऊ घास भातात कालवून माझ्या तोंडात.
मला वाटायचं, मासा असाच असतो,
समुद्रातून येतो तोच बिनकाट्याचा.

तबीथाबाईंचंही तेच.
वेंगुर्ल्याच्या देवळामागे, काजूच्या सावलीत,
रविवारच्या शाळेत
हरवलेलं मेंढरू, निवलेलं वादळ,
पाच भाकरी आणि दोन मासे.
थिओफिल विचारायचा, "बाई, खंयचे मासे? बांगडे?"
त्या वर्षी मी चाळीस वचनं पाठ केली.
त्यानं एकोणचाळीस.
कंपासपेटी मला मिळाली
आणि माझा भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

पुढे मी दवाखान्यात कंपाउंडर झालो,
मग मंडळीचा पंच.
रोज पहाटे एक अध्याय,
औषधाची पुडी बांधावी तसा, मोजून.
पेन्सिलीची रेघ फक्त गोड जागी.
बाकीच्या ओळींवरून नजर सरकायची
ओल्या वाळूवर कुर्ली पळते तशी, तिरकी.
वाचून झालं की पुस्तकावर हात ठेवायचो.
धूळ नसायची. तेवढं पुरायचं.

पप्पा गेले तेव्हा
सात माड, अर्धी विहीर आणि मध्ये एक गडगा.
तीन हात इकडे की तीन हात तिकडे,
यावर कुडाळच्या कोर्टात अकरा वर्षं.
थिओफिल मोचेमाडला राहायला गेला.
मी दर रविवारी
इतरांच्या शांतीसाठी मोठ्यानं प्रार्थना करत राहिलो.

यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी,
होड्या अजून वाळूवर ओढलेल्या होत्या,
तेव्हा ती ओळ आली. नवी नव्हती.
अध्याय, आकडा, सगळं तोंडपाठ:
अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडे जा.
शेकडो वेळा गिळली होती.
त्या दिवशी अडकली.

आई सांगायची, "काटो अडाकलो तर
सुक्या भाताचो घास गिळ, रडा नको."
मी घास गिळले.
पहिला: कोर्टाचं काम वेगळं, देवाचं वेगळं.
दुसरा: तो धाकटा, त्यानं आधी यावं.
तिसरा: माझ्या मनात काही नाहीच.
काटा होता तिथंच.
बोलताना टोचे, गाताना टोचे,
थुंकी गिळतानासुद्धा.

रविवारी अर्पणाची थाळी हातात होती.
तिसऱ्या बाकापाशी ती मी खाली ठेवली
आणि गीत चालू असताना बाहेर पडलो.
मागून कुणीतरी म्हणालं, पंचांना चक्कर आली वाटतं.

मोचेमाडची खाडी भरतीनं फुगली होती.
थिओफिल पडवीत बसला होता,
साखरेनं डोळे गेलेले, अर्धेअधिक.
"कोण?"
नाव सांगायला मला वेळ लागला.
त्याची बायको पाट मांडून गेली.
पेडव्याचं तिखलं, उकडा भात.
माडांबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.
त्याची बोटं ताटात चाचपडताना पाहून
मी त्याच्या माशातला काटा काढायला गेलो.
त्यानं माझा हात बाजूला सारला.
"म्हातारो झालंय, आंधळो नाय."
मग थोड्या वेळानं, ताट न उचलता,
"ह्यो एक गावना नाय. बघ."

गडगा अजून आहे. तारीख नोव्हेंबरात.
मी वकिलाला काय सांगणार, ठाऊक नाही.
पहाटे पुस्तक उघडतो तेव्हा
आता एक अध्याय पुरा होत नाही,
चार ओळी होतात, कधी दोन.
बोट ठेवून थांबतो,
पेरांनी चाचपतो.
कुठे टोचतं ते कळलं
की तिथं रेघ मारतो.